फिरत्या झडपांचा बास ट्यूबा

फिरत्या झडपांचा बास ट्यूबा हे पितळी सुषिर वाद्यांच्या कुटुंबातील मंद्र पट्टीचे वाद्य आहे. ‘एफ’ किंवा ‘ई फ्लॅट’ या स्वरात बांधलेल्या ट्यूबास बास ट्यूबा म्हणतात, तर त्याहून लांब नळीच्या ‘सी’ व ‘बी फ्लॅट’ ट्यूबास कॉन्ट्राबास ट्यूबा म्हणतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि मध्य युरोपातील वाद्यवृंदांत ‘एफ’ बास ट्यूबा प्रामुख्याने फिरत्या झडपांचा, म्हणजेच रोटरी व्हॉल्व्हचा असतो. मधल्या व वरच्या पट्टीतील गोड, एकवटलेला नाद हे त्याचे वैशिष्ट्य समजले जाते. खर्जातील काही स्वर दुबळे किंवा अस्थिर लागणे ही मात्र त्याची जुनी उणीव आहे. त्यामुळे हे वाद्य निवडताना त्याचा खर्ज कितपत भरीव आहे, हा प्रश्न वादकापुढे सर्वप्रथम येतो.

या लेखात प्रामुख्याने ‘एफ’ ट्यूबाचा विचार केला आहे.

## स्वरूप व परिभाषा

‘एफ’ ट्यूबाच्या मुख्य नळीची लांबी सुमारे ३.७ मीटर असते. तुलनेसाठी, ‘ई फ्लॅट’ ट्यूबाची नळी सुमारे ४ मीटर, ‘सी’ ट्यूबाची सुमारे ४.९ मीटर आणि ‘बी फ्लॅट’ ट्यूबाची सुमारे ५.५ मीटर लांब असते. नळी माउथपीसपासून भोंग्यापर्यंत बहुतांशी शंक्वाकार, म्हणजे हळूहळू रुंदावत जाणारी असते. झडपांना जोडलेल्या नळ्या मात्र दंडगोलाकार असतात. खर्जाच्या प्रश्नात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

वादक माउथपीसमध्ये ओठ कंपित करतो व नळीतील हवेचा स्तंभ त्या कंपनांना ठरावीक स्वरांवर साथ देतो. झडप न दाबता मिळणारे हे स्वर हरात्मक श्रेणीत असतात. ‘एफ’ ट्यूबाचा पहिला हरात्मक स्वर, म्हणजे मूळस्वर, सुमारे ४३.७ हर्ट्झचा ‘एफ’ असतो. वादक त्यास पेडल स्वर म्हणतात. दुसरा हरात्मक स्वर त्याच्या एक सप्तक वर, ८७.३ हर्ट्झवर येतो. तिसरा १३१ हर्ट्झचा ‘सी’ आणि चौथा १७४.६ हर्ट्झचा ‘एफ’ असतो.

पहिल्या व दुसऱ्या हरात्मक स्वरांमध्ये संपूर्ण एका सप्तकाचे अंतर आहे. या दोहोंमधील अकरा अर्धस्वर केवळ झडपांच्या साहाय्याने, नळी लांबवूनच मिळवावे लागतात. खर्जासंबंधीचे बहुतेक प्रश्न याच पट्ट्यात उद्भवतात.

## इतिहास

ट्यूबाच्या आधी वाद्यवृंदात खर्जाचे काम सर्पंट, बास हॉर्न व ओफिक्लाइड ही वाद्ये करीत. नळीला भोके पाडून ती बोटांनी वा चाव्यांनी झाकणे हे त्यांचे तत्त्व होते. त्यामुळे निरनिराळ्या स्वरांचा पोत एकसारखा राहत नसे. १८१८ च्या सुमारास जर्मनीत हाइन्रिख श्टोल्झेल व फ्रीडरिख ब्ल्यूमेल यांनी झडपेचे तत्त्व पुढे आणले. त्यामुळे संपूर्ण नळी एकसंध ठेवून तिची लांबी क्षणार्धात बदलणे शक्य झाले.

१२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियन लष्करी बँडचे प्रमुख व्हिल्हेल्म व्हीप्रेख्ट (१८०२–१८७२) आणि बर्लिनचे वाद्यनिर्माते योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ (१७७७–१८४०) यांना ‘बास-टुबा’ या वाद्याचे प्रशियन पेटंट मिळाले. हे वाद्य ‘एफ’ मध्येच बांधलेले असून त्यास पाच झडपा होत्या. म्हणजे ट्यूबा हे वाद्य जन्मतः बास ट्यूबाच होय. कॉन्ट्राबास ट्यूबा त्यानंतर आला. मात्र त्या पहिल्या वाद्याच्या झडपा फिरत्या नसून ‘बर्लिन’ पद्धतीच्या, म्हणजे जाड दट्ट्याच्या होत्या.

योगायोगाने त्याच वर्षी व्हिएन्ना येथे योझेफ रीडल यांनी फिरत्या झडपेचे पेटंट घेतले. पुढे ऑस्ट्रिया, बोहेमिया व दक्षिण जर्मनीतील निर्मात्यांनी हीच झडप स्वीकारली. फ्रान्समध्ये १८३९ च्या सुमारास फ्रांस्वा पेरिने यांनी सुधारलेला दट्टा रूढ झाला व तो ब्रिटन आणि अमेरिकेतही पसरला. फिरती झडप आणि दट्ट्याची झडप अशी पितळी वाद्यांची जी भौगोलिक विभागणी आजही दिसते, तिचे मूळ येथे आहे.

व्हिएन्नात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहा फिरत्या झडपांचा ‘एफ’ ट्यूबा प्रचारात आला. तो ‘व्हिएन्ना कॉन्सर्ट ट्यूबा’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या तीन झडपा एका हाताने व तीन दुसऱ्या हाताने चालविल्या जात. एकाच वाद्यावर बास व कॉन्ट्राबास अशा दोन्ही ट्यूबांचे वादन व्हावे, हा त्यामागील हेतू होता. ‘एफ’ ट्यूबाला भक्कम खर्ज देण्याचा हा एक पद्धतशीर प्रयत्न म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातील ग्रास्लिट्झ (आजचे क्रास्लित्से) परिसरातून विस्थापित झालेले अनेक जर्मन कारागीर बव्हेरियात स्थायिक झाले. वाल्डक्राइबुर्ग येथील मिराफोन ही १९४६ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था त्यांपैकीच एक होय. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन (बी अँड एस), बव्हेरियातील गेरेट्सरीड (मेल्टन) आणि माइंझ (१७८२ मध्ये स्थापन झालेली अलेक्झांडर बंधूंची पेढी) ही फिरत्या झडपांच्या ट्यूबानिर्मितीची अन्य प्रमुख केंद्रे आहेत.

## फिरत्या झडपेची रचना

फिरती झडप म्हणजे पितळी कवचात बसविलेला व स्वतःच्या अक्षाभोवती फिरणारा एक लहान दंडगोल. त्याच्या अंगात हवेसाठी दोन मार्ग कोरलेले असतात. पाते दाबल्यावर जोडदांड्यामार्फत हा दंडगोल ९० अंशांत फिरतो आणि हवेचा प्रवाह मुख्य नळीतून जादा नळीकडे वळतो. पाते सोडताच स्प्रिंगमुळे तो पूर्वस्थितीत येतो. दोन्ही टोकांना रबराचे किंवा बुचाचे लहान ठोकळे असून ते दंडगोलास नेमक्या जागी थांबवितात.

दट्ट्याच्या झडपेत दट्टा सरळ वरखाली होतो व त्याचा प्रवास लांब असतो. फिरत्या झडपेच्या पात्यास बोटाची हालचाल कमी लागते. या झडपेमुळे स्वरातून स्वरात जाणे मिळते-जुळते होते, असे अनेक वादक मानतात. उलटपक्षी तिचे सांधे अधिक असल्याने झीज झाल्यावर खडखडाट होतो. शिवाय ती घरच्या घरी उघडून स्वच्छ करणे दट्ट्याइतके सोपे नसते.

## खर्जाची समस्या

### लांबीचे गणित

प्रत्येक झडप मुख्य नळीत ठरावीक लांबीची भर घालते. समस्वरित श्रेणीत एक अर्धस्वर खाली जाण्यासाठी नळीची लांबी ५.९५ टक्क्यांनी वाढवावी लागते. ३.७ मीटरच्या ‘एफ’ ट्यूबात दुसऱ्या झडपेची नळी (एक अर्धस्वर) सुमारे २२ सेंमी., पहिलीची (दोन अर्धस्वर) ४५ सेंमी., तिसरीची (तीन अर्धस्वर) ७० सेंमी. व चौथीची (पाच अर्धस्वर) १२४ सेंमी. असावी लागते.

झडपा एकत्र दाबल्या की अडचण सुरू होते. चौथी झडप दाबलेली असताना नळी आधीच सुमारे ४.९ मीटर झालेली असते. तीत आणखी एक अर्धस्वर खाली जाण्यास २९ सेंमी. हवेत, परंतु दुसरी झडप देते केवळ २२ सेंमी. या सात सेंमी.च्या तुटीमुळे स्वर चढा लागतो. जितक्या अधिक झडपा एकत्र, तितकी तूट मोठी. चारही झडपा एकदम दाबल्यास कागदावर अकरा अर्धस्वर मिळायला हवेत. प्रत्यक्षात सव्वानऊच मिळतात.

पाचवी झडप ही तूट भरून काढते. ‘एफ’ ट्यूबात ती बहुधा ‘लांब पूर्णस्वरा’ची असते, म्हणजे चौथी झडप दाबलेली असताना तिने अचूक पूर्णस्वर द्यावा इतकी तिची नळी (सुमारे ६० सेंमी.) लांब असते. सहावी झडप असल्यास ती त्याच तत्त्वावर ‘लांब अर्धस्वर’ देते.

पुढील तक्त्यात दुसऱ्या हरात्मक ‘एफ’खालील स्वर, त्यांसाठी वापरावयाच्या झडपा आणि गणिताने येणारी तफावत दिली आहे. पहिल्या चार झडपा एकट्या वापरल्या असता अचूक आहेत व पाचवी वरीलप्रमाणे जुळविली आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. तफावत सेंटमध्ये असून १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर होय.

| स्वर | कंपनसंख्या (हर्ट्झ) | चार झडपांवर | तफावत | पाच झडपांवर | तफावत |
|---|---|---|---|---|---|
| डी फ्लॅट | ६९.३ | २+३ | १५ चढा | २+३ | १५ चढा |
| सी | ६५.४ | ४ | ० | ४ | ० |
| बी | ६१.७ | २+४ | २५ चढा | २+३+५ | ३ चढा |
| बी फ्लॅट | ५८.३ | १+४ | ४८ चढा | ४+५ | ० |
| ए | ५५.० | २+३+४ | ४ चढा | २+३+४ | ४ चढा |
| ए फ्लॅट | ५१.९ | १+३+४ | ३७ चढा | ३+४+५ | ६ उतरा |
| जी | ४९.० | १+२+३+४ | ७५ चढा | २+३+४+५ | ३४ चढा |
| जी फ्लॅट | ४६.२ | अप्राप्य | – | १+२+३+४+५ | १७ चढा |

प्रत्यक्ष वाद्यात निर्माते या आकड्यांत तडजोडी करतात. सरकत्या नळ्या थोड्या ओढून वादकही स्वर जुळवून घेतो. तथापि तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पूर्ण खर्ज हवा असल्यास ‘एफ’ ट्यूबास किमान पाच झडपा आवश्यक आहेत. आणि ‘बी’, ‘बी फ्लॅट’ व ‘ए फ्लॅट’ हे तीन स्वर पाचव्या झडपेमुळे जवळजवळ अचूक सुरात येतात.

### नादाचा प्रश्न

तक्त्यात ‘सी’ची तफावत शून्य आहे. तरीही फिरत्या झडपांच्या ‘एफ’ ट्यूबावर हाच ‘सी’ सर्वांत बदनाम स्वर आहे. तो सुरात असतो, पण कोंडलेला वाटतो. जोराने वाजवू गेल्यास घसरतो आणि हळू वाजविल्यास कित्येकदा उमटतच नाही. अर्थात येथे प्रश्न लांबीचा नसून अनुनादाचा आहे.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनाडे यांनी ‘फंडामेंटल्स ऑफ म्युझिकल अकूस्टिक्स’ (१९७६) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, पितळी वाद्यावरील स्थिर स्वर हवेच्या स्तंभाच्या एकाच अनुनादावर उभा नसतो. त्या स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येजवळचे अनुनादही त्यास टेकू देत असतात. हे अनुनाद जितके नेमके जुळतील तितका स्वर ठाम लागतो. ते विस्कटलेले असतील तर ओठांना निश्चित आधार मिळत नाही.

चौथी झडप दाबताच मूळच्या शंक्वाकार नळीत सव्वा मीटर दंडगोलाकार नळीची व अनेक वळणांची भर पडते. नळीच्या रुंदावण्याचे प्रमाण बदलते आणि अनुनादांची जुळणी ढळते. मुख्य नळी अरुंद असल्यास हा परिणाम अधिक जाणवतो. वरच्या पट्टीत लवचीक व रेखीव वाजणाऱ्या जुन्या घडणीच्या ‘एफ’ ट्यूबांत खर्ज नाजूक असण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

फिरती झडप स्वतः या दोषाचे मूळ नाही. दट्ट्याच्या झडपांचे ‘एफ’ ट्यूबा खर्जात अधिक सोपे असतात, असा सार्वत्रिक समज आहे व अनेक वाद्यांबाबत तो खराही आहे. परंतु ती वाद्ये बहुधा रुंद अंतर्व्यासाची व मोठ्या भोंग्याची असतात. जपानच्या यामाहा कंपनीचा चार दट्ट्यांचा व एका फिरत्या झडपेचा ‘वायएफबी-८२२’ हा या वर्गातील परिचित नमुना आहे. अलीकडे फिरत्या झडपांचेही रुंद घडणीचे ‘एफ’ ट्यूबा बनू लागले आहेत. त्यामुळे झडपेच्या प्रकारावरून खर्जाचा निवाडा करता येत नाही.

## निवडीचे निकष

### उपयोग

वाद्य कशासाठी हवे, हा पहिला निकष. जर्मन वाद्यवृंदातील वादकाजवळ सहसा ‘एफ’ व ‘बी फ्लॅट’ असे दोन्ही ट्यूबा असतात. त्यामुळे ‘एफ’कडून त्यास अतिखर्जाची अपेक्षा नसते. अमेरिकेत ‘सी’ ट्यूबा मुख्य असून ‘एफ’ एकल वादनासाठी व वरच्या पट्टीच्या रचनांसाठी वापरतात. ब्रिटनमध्ये ‘ई फ्लॅट’ ट्यूबाची परंपरा आहे. तेथे डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये योजलेली पूरक नळ्यांची पद्धत झडपांच्या जोडणीतील तूट आपोआप भरून काढते. ज्यास एकाच वाद्यावर पंचक, एकल वादन आणि वाद्यवृंद हे सर्व निभवायचे आहे, त्याच्यासाठी मात्र खर्ज हा कळीचा मुद्दा ठरतो.

### झडपांची संख्या

पाच झडपा ही व्यावहारिक किमान मर्यादा मानली जाते. सहावी झडप अधिक पर्याय देते, पण वजन, खर्च व देखभालही वाढविते. पाचवी झडप काही वाद्यांत उजव्या अंगठ्याने, तर काहींत डाव्या हाताने चालवितात. डावा हात पात्यांवर गुंतला असेल तर त्याच हाताने सरकती नळी ओढता येत नाही, ही बाब खरेदीआधी तपासावी लागते.

### अंतर्व्यास व भोंगा

रुंद अंतर्व्यास व मोठा भोंगा यांमुळे खर्ज भरतो, परंतु त्याची किंमत बहुधा वरच्या पट्टीत मोजावी लागते. नाद पसरतो, श्वास अधिक लागतो आणि वाद्य लहान कॉन्ट्राबास ट्यूबासारखे वाजू लागते. काही निर्माते झडपांमधील अंतर्व्यास एकसमान न ठेवता पहिल्या झडपेपासून पुढे क्रमाक्रमाने वाढवितात. चौथ्या झडपेचा मार्ग रुंद ठेवल्यास खर्जातील कोंडमारा कमी होण्यास मदत होते.

### माउथपीस

माउथपीसचा दांडा वाद्याच्या तोंडाशी नेमका बसणे आवश्यक असते. युरोपीय व अमेरिकन मापाच्या दांड्यांत फरक असतो. चुकीच्या मापाचा दांडा फार आत किंवा फार बाहेर राहतो व त्यामुळे संपूर्ण वाद्याची सुरावट बिघडू शकते. खर्ज दुबळा वाटला की खोल व रुंद माउथपीस घेण्याकडे कल असतो. त्याने काही स्वर सुधारतात, पण वरचे स्वर उतरू लागतात. म्हणून कॉन्ट्राबास ट्यूबाचा माउथपीस ‘एफ’ ट्यूबावर तसाच वापरणे बहुधा हिताचे ठरत नाही.

### धातू

पिवळे पितळ व तांब्याचे प्रमाण अधिक असलेले ‘सोनेरी पितळ’ हे दोन धातू सर्वाधिक वापरात आहेत. सोनेरी पितळाचा नाद अधिक गडद असतो असे अनेक वादकांचे मत आहे. तथापि खर्जावर नळीच्या आकाराचा जितका प्रभाव पडतो, तितका धातूचा पडत नाही.

## वाद्याची चाचणी

निवड करताना अनुभवी वादक पुढील गोष्टी तपासतात.

* ओळखीच्या माउथपीसने वादन. वाद्य व माउथपीस दोन्ही नवे असतील तर गुणदोष कोणाचा हे कळत नाही.
* अर्धस्वरांनी उतार. दुसऱ्या हरात्मक ‘एफ’पासून पेडल ‘एफ’पर्यंत एकेक अर्धस्वर सावकाश उतरावे. कोणत्या स्वरावर नाद अचानक बदलतो ते लक्षात घ्यावे. सर्व स्वर थोडे दुबळे असणे परवडते, पण मध्येच एक स्वर कोसळणे परवडत नाही.
* ‘सी’ची परीक्षा. ६५.४ हर्ट्झचा ‘सी’ हळू, मध्यम व जोरात, प्रत्येक वेळी नव्याने आघात करून वाजवावा. नंतर एकाच श्वासात हळूपासून जोरापर्यंत न्यावा. स्वर जागचा हलतो का, हे ट्यूनरवर पाहावे.
* पर्यायी झडपा. तोच ‘सी’ १+३ या जोडीने (गणिताने सुमारे ३० सेंट चढा) नळी ओढून वाजवून पाहावा. काही वाद्यांवर हा पर्याय चौथ्या झडपेपेक्षा मोकळा लागतो.
* स्थिर स्वराच्या संगतीत वादन. ट्यूनरचा काटा डोळ्यांना फसवू शकतो. सतत वाजणाऱ्या ‘एफ’ किंवा ‘सी’च्या संगतीत खर्जाचे पंचम व सप्तक कानाने जुळवून पाहणे अधिक विश्वसनीय असते.
* वरची पट्टी. खर्जावर भाळून तिसऱ्या हरात्मकापासून वरच्या स्वरांकडे दुर्लक्ष होते. शुद्ध गणितानुसार पाचवा हरात्मक समस्वरित श्रेणीहून १४ सेंट उतरा असतो. तो त्याहून फार उतरा असेल तर रोजच्या वादनात त्रास होतो.
* दुरून ऐकणे. वादकाच्या कानाशी खर्ज मोठा वाटतो, पण सभागृहात तो पोचतोच असे नाही. दुसऱ्या जाणकाराने शेवटच्या रांगेत बसून ऐकणे, अथवा वाद्यांची अदलाबदल करून तुलना करणे उपयुक्त ठरते.

एकाच नमुन्याच्या दोन वाद्यांतही फरक आढळतो, कारण भोंगा व नळ्यांची जुळणी मोठ्या प्रमाणात हाताने होते. त्यामुळे नमुन्याच्या कीर्तीवरून न वाजविता केलेली खरेदी जोखमीची असते. ट्यूबा हे महागड्या पितळी वाद्यांपैकी एक आहे आणि विद्यार्थ्याने घेतलेले वाद्य बहुधा अनेक वर्षे, कित्येकदा नोकरीच्या पहिल्या परीक्षेपर्यंत, त्याच्याजवळ राहते. खर्जातील एका अस्थिर स्वराशी रोज झगडताना ओठांच्या चुकीच्या सवयी लागतात व पुढे चांगले वाद्य मिळाले तरी त्या सहज सुटत नाहीत.

## वापरलेले वाद्य

जुन्या वाद्याचा दुबळा खर्ज नेहमी घडणीचा दोष असतो असे नाही. फिरत्या झडपेचा दंडगोल झिजला की त्याच्या व कवचाच्या मधून हवा झिरपते. खर्जातील स्वरांसाठी अनेक झडपा एकदम लागत असल्याने या गळतीचा फटका तेथे सर्वांत आधी बसतो. झडपेची सरकती नळी ओढून झडप दाबल्यावर ‘फट्’ असा आवाज आला तर झडप हवाबंद आहे. नळी ओढताच हवा भुस्सकन निघून गेली तर झीज झाली आहे असे समजतात. काही वादक नळ्या सहज ओढता याव्यात म्हणून झडपेत मुद्दाम बारीक छिद्र पाडून घेतात. अशा वाद्यास ही कसोटी लागू पडत नाही.

झडपेचे मागील झाकण काढल्यावर अक्षाच्या टोकावर व कवचावर कोरलेल्या खुणा दिसतात. पाते दाबल्यावर व सोडल्यावर या खुणा एकमेकींसमोर आल्या पाहिजेत. ठोकळे झिजले असतील तर दंडगोल नेमक्या जागी थांबत नाही, हवेचा मार्ग अंशतः अडतो आणि स्वर कोंडतो. हा दोष किरकोळ खर्चात दूर होतो. झिजलेला दंडगोल पुन्हा घडविणे मात्र खर्चिक काम आहे.

मोठ्या नळ्यांवरील पोचे दिसायला वाईट असले तरी माउथपीसलगतच्या अरुंद नळीवरील लहानसा पोचा नादास अधिक अपायकारक असतो. त्याच नळीवर आतून फुटलेले लालसर ठिपके दिसल्यास पितळातील जस्त निघून जात असल्याचे ते लक्षण असते. अशी नळी कालांतराने बदलावी लागते.

## देखभाल

फिरत्या झडपेस दोन प्रकारचे तेल लागते. अक्षाच्या टोकांना व जोडदांड्याच्या सांध्यांना दाट तेल, तर दंडगोलाच्या पृष्ठभागास पातळ तेल देतात. सरकती नळी ओढताना तिची झडप दाबून ठेवावी, अन्यथा आतील हवेच्या ताणाने झडपेवर अनिष्ट भार येतो. वादनानंतर साचलेले पाणी काढून टाकणे आवश्यक असते. दमट हवामानात वाद्य बराच काळ न वापरता पेटीत ठेवल्यास दंडगोल कवचात चिकटतो. तो जोर लावून फिरवू नये. दुरुस्तीकाराकडून सोडवून घेणे श्रेयस्कर असते.

## संगीतरचनांतील स्थान

ओफिक्लाइडसाठी लिहिलेले अनेक भाग आज बास ट्यूबावर वाजवितात. हेक्टर बर्लिओझ यांची ‘सिंफनी फांतास्तिक’ (१८३०) हे त्याचे ठळक उदाहरण होय. रिचर्ड व्हागनर यांच्या ‘दी माइस्टरझिंगर’ (१८६८) या ऑपेराच्या पूर्वरंगात बास ट्यूबास महत्त्वाचा भाग आहे. ‘निबेलुंगचे कडे’ या ऑपेरामालिकेत मात्र त्यांनी कॉन्ट्राबास ट्यूबा योजला. योहानेस ब्राम्स यांच्या चार सिंफनींपैकी केवळ दुसरीत (१८७७) ट्यूबा आहे. गुस्टाव्ह मालर यांच्या पहिल्या सिंफनीच्या तिसऱ्या भागातही ट्यूबाचा परिचित अंश येतो. मोदेस्त मुसोर्गस्की यांच्या ‘चित्रप्रदर्शनातील चित्रे’ या रचनेच्या मोरिस रावेल यांनी केलेल्या वाद्यवृंदरूपातील (१९२२) ‘बिद्लो’ हा भाग लहान फ्रेंच ट्यूबासाठी असून तो पुष्कळदा युफोनियमवर किंवा ‘एफ’ ट्यूबावर वाजवितात.

एकल वादनात राल्फ वॉन विल्यम्स यांचा बास ट्यूबा कन्चेर्तो हा मानदंड समजला जातो. १३ जून १९५४ रोजी फिलिप कॅटेलिनेट यांनी सर जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह त्याचे प्रथम वादन केले. पाउल हिंडेमिट यांचा बास ट्यूबा व पियानोसाठीचा सोनाटा (१९५५) आणि क्शिश्तोफ पेंदेरेत्स्की यांचे एकट्या ट्यूबासाठीचे ‘काप्रिचिओ’ (१९८०) यांचाही अभ्यासक्रमांत समावेश असतो. अशा एकल रचनांत मंद्र व तार पट्ट्यांमधील मोठ्या झेपा वारंवार येतात. त्यामुळे वाद्याच्या खर्जाची व वरच्या पट्टीची एकाच वेळी कसोटी लागते.

## हेही पाहा

* ट्यूबा
* युफोनियम
* ओफिक्लाइड
* ट्रॉम्बोन
* फ्रेंच हॉर्न
* हरात्मक श्रेणी